एकट्याचें पान

गेल्या महिन्यांतली गोष्ट. माटुंग्याच्या एका उडप्याच्या हॉटेलांत दुपारीं बाराच्या सुमारास मी जेवत बसलों होतों. पानावर भाताची मूद पडली होती, तिच्या माथ्यावर बोटानें मीं नुकतेंच आळें केलें होतें, आणि वाढपी रसमचें भांडें घेऊन माझ्याच दिशेनें येत होता. आयुष्यांत अशा निर्भेळ अपेक्षेचे क्षण फार येत नाहींत. इतक्यांत पाठीमागून माझ्या खांद्यावर हात पडला. पाहतों तों आमच्याच महाविद्यालयांतले एक प्राध्यापक उभे. त्यांच्यामागें पत्नी, मुलगी आणि जांवई असा लवाजमा होता. त्यांनीं एकदां माझ्याकडे पाहिलें, एकदां माझ्या समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलें, आणि आवाज अगदीं खालीं आणून विचारलें, "घरी सगळं ठीक आहे ना?"

सगळें ठीक असल्याचें मीं सांगितलें.

"मग वहिनी माहेरी गेल्यात वाटतं?"

"नाही, घरीच आहेत."

हें उत्तर त्यांना फारच चिंताजनक वाटलें असावें. "मग आमच्यातच या ना! एकटे काय बसलात असे?" असें म्हणून त्यांनीं माझ्या पानाच्या कडेला हातहि घातला. मीं मोठ्या प्रयासानें तें पान वांचविलें. जातांना ते पत्नीच्या कानाशीं कांहीं पुटपुटले, आणि त्या बाईंनीं मान वळवून माझ्याकडे जशा नजरेनें पाहिलें, तशी नजर मीं पूर्वीं फक्त रुग्णालयांत भेटीच्या वेळीं पाहिली होती. दुसऱ्या दिवशीं अध्यापकांच्या खोलींत दोघांतिघांनीं माझ्या प्रकृतीची आस्थेनें विचारपूस केली.

तेव्हां एकदां कबुलीजबाब देऊन मोकळें व्हावें हें बरें. मला एकट्यानें बाहेर जेवायला आवडतें. घरीं भांडण झालें म्हणून नव्हे, घरचा स्वयंपाक गोड लागत नाहीं म्हणून नव्हे, आणि बरोबर यायला कोणी मिळत नाहीं म्हणूनहि नव्हे. महिन्यांतून दोनदां, फार तर तीनदां, मी कोणाला न सांगतां एखाद्या हॉटेलांत जातों, स्वतःला एक जेवण घालतों आणि परत येतों. गेलीं तीस वर्षें हा क्रम चालू आहे. एकट्यानें फिरायला जाणाऱ्याला लोक चिंतनशील म्हणतात. एकट्यानें प्रवास करणाऱ्याला धाडसी म्हणतात. एकट्यानेंच वाचीत बसणाऱ्याला विद्वान म्हणायलाहि त्यांची हरकत नसते. पण चारचौघांत एकटा जेवणारा माणूस दिसला, कीं त्यांना एक तर त्याची दया येते, नाहीं तर त्याचा संशय येतो.

या छंदाचे कांहीं नियम मला अनुभवानें सांपडले आहेत. रविवार वर्ज्य. त्या दिवशीं हॉटेलांत कुटुंबेंच्या कुटुंबें येतात, आणि दाराशीं नांवें लिहून घेणारा माणूस ‘किती जण?’ या प्रश्नाला ‘एक’ हें उत्तर ऐकून, भागाकारांत नको ती बाकी उरल्यासारखा चेहरा करतो. मंगळवार किंवा बुधवार उत्तम. वेळ साडेअकराची, तेव्हां भाज्यांवर वाफ असते आणि वाढप्यांच्या अंगीं अजून सौजन्य असतें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, पुस्तक बरोबर नेऊं नये. हें शहाणपण मला फार उशिरां आलें. पूर्वीं मी नेमानें पुस्तक नेत असें; पण तें वाचण्यासाठीं नसे. ‘मी एकटा नाहीं, कामांत आहें’ असें आजूबाजूच्या लोकांना कळविण्यासाठीं तें टेबलावर उभें केलेलें असे. हल्लीं हेंच काम लोक मोबाईलकडून करून घेतात. पुढें एके दिवशीं ग्रंथालयाच्या एका इंग्रजी निबंधसंग्रहावर सांबाराचे दोन थेंब पडले आणि ग्रंथपालांपुढें मला जें उभें राहावें लागलें, त्यानंतर माझे हात रिकामे झाले. त्या दिवसापासून मी खरा जेवूं लागलों.

माटुंग्याला स्टेशनापासून जवळच ए. रामा नायक यांनीं १९४२ सालीं काढलेलें श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. दक्षिण कानडा जिल्ह्यांतून मुंबईला आलेल्या माणसांनीं या शहराला जी नवी जेवणाची रीत लावली, तिचा हा जुना नमुना. अशा बोर्डिंगांत एकट्या माणसाला कोणी बाकी समजत नाहीं, कारण तेथें मुळांत सगळे एकेकटेच येतात. जेथें खुर्ची रिकामी असेल तेथें बसावें. समोर केळीचें पान येतें. त्यावर आपणच पाण्याचा शिपका मारून तें पुसावें. मग कोशिंबीर, भाजी, पापड, भात, सांबार, रसम, ताक असा तो क्रम सुरू होतो. टेबलावर आणखी तीन अनोळखी माणसें असतात आणि त्या चौघांत एक अलिखित करार असतो. दुसऱ्याच्या पानाकडे टक लावून पाहायचें नाहीं. पण त्याचें पाणी संपलें असेल तर तांब्या निमूटपणें पुढें सरकवायचा. नांव-गांव विचारायचें नाहीं. एकदां माझ्यासमोर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. अर्धें जेवण होईपर्यंत त्यांनीं मान वर केली नाहीं. मग एकाएकीं लोणच्याची वाटी माझ्याकडे ढकलून ते म्हणाले, "घ्या. आज मुरलंय." मीं घेतलें. खरोखरच मुरलें होतें. ते उठून गेले. पुन्हां मला कधीं दिसले नाहींत. ज्यांच्याशीं माझा वीस-वीस वर्षांचा परिचय आहे अशा कित्येकांनीं मला इतकी खरी आणि इतकी उपयुक्त माहिती आजवर दिलेली नाहीं.

इराण्याची तऱ्हा निराळी. धोबीतलावाला १९०४ सालीं सुरू झालेल्या कयानीसारखीं जीं मोजकीं दुकानें आतां उरलीं आहेत, तेथें बसलेल्या माणसाला कोणी हांकलीत नाहीं आणि कोणी विचारीतहि नाहीं. ब्रून-मस्का आणि चहा यांवर माणूस रस्त्याकडे पाहत अर्धा तास काढूं शकतो. पण तें जेवण नव्हे. तो एक प्रकारचा वाचनालयांतला निवांतपणा आहे. माझा जीव जेवणांत अधिक रमतो, म्हणून मी माटुंग्याला जातों.

या जेवणांत असें काय आहे, असें कोणी विचारलें तर मला प्रथम जें सुचतें तें असें, कीं तेथें मला कोणी आग्रह करीत नाहीं. आपल्या समाजांत आग्रहाची केवढी थोरवी! पंगतींत जिलबी वाढणाऱ्याच्या हातावर दोन्ही तळवे आडवे धरून ‘नको, नको’ म्हणणारा आणि तरीहि खाणारा माणूस हा आपल्या आदरातिथ्याचा कळस. घरींहि तेंच सौम्य रूपानें चालतें. मी बाप आहें, म्हणून शेवटची वडी मला आवडत असली तरी ती मुलाच्या ताटांत जाते. मी नवरा आहें, म्हणून आमटी कशी झाली याविषयीं मला मत असावें लागतें, आणि तें चांगलेंच असावें लागतें. पाहुणे असले तर मी यजमान असतों. मग काय खाल्लें हें मला हात धुतांना आठवावें लागतें. यांपैकीं एकहि गोष्ट मला जांचते असें नव्हे. पण उडप्याच्या टेबलावर मी बाप नसतों, नवरा नसतों, प्राध्यापक तर मुळींच नसतों. मी नुसता भुकेला माणूस असतों, आणि पोट भरलें कीं नाहीं याचा निकाल माझा मीच देतों. मग जिभेला ऐकूं येऊं लागतें. रसम तोंडांत घेतलें कीं आधीं चिंच बोलते, मग मिरी, आणि गिळून झाल्यावर घशाशीं कोठें तरी जिरें. चौघांच्या गप्पांत हें कधींच कळलें नसतें.

हें सुख पुरातन मात्र नव्हे. पॅरिसमध्यें अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत परक्या माणसाला जेवायचें तर खाणावळवाल्याच्या एकाच लांब टेबलावर, त्याच्याच वेळेला, तो देईल तें खावें लागे. पुढें कांहीं लोकांनीं अशक्तांसाठीं पौष्टिक रस्सा विकण्याचीं दुकानें काढलीं. त्या रश्शालाच ‘रेस्टॉरंट’ म्हणत, म्हणजे गेलेली शक्ति परत आणणारा. तेथें निरनिराळीं लहान टेबलें आलीं, पदार्थांची आणि किंमतींची यादी आली, आणि वाटेल त्या वेळीं येऊन वाटेल तें मागण्याची सोय झाली. ब्रिया-साव्हारँ या फ्रेंच न्यायाधीशानें १८२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या भोजनविषयक ग्रंथांत या नव्या संस्थेवर एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घातलें आहे. एकट्याचें टेबल हें असें आजाऱ्याच्या पथ्यांतून जन्माला आलें आहे. माझ्या सहाध्यापकांनीं माझ्या प्रकृतीची चौकशी केली, त्याला एवढा तरी ऐतिहासिक आधार आहे!

आपल्याकडे अडचण निराळीच होती. कोणाच्या हातचें आणि कोणाच्या शेजारीं बसून खाल्लें, हा प्रश्न येथें जिभेचा नव्हता, जातीचा होता. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या मंडळींपुढें चहा आला, आणि त्या पेल्यांतून एवढें वादळ उठलें कीं रानडे-टिळकांसारख्यांची नांवें त्यांत गोवलीं गेलीं आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत पोंचलें. पुढें हॉटेलें निघालीं तरी ‘ब्राह्मणांचें उपाहारगृह’ अशा पाट्या त्यांवर असत. एकटा जेवण्याचें सुख हें आधीं आंत शिरूं दिलेल्याचें सुख आहे, हें मी विसरूं इच्छीत नाहीं. १९५० सालीं अंमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत दुकानें आणि सार्वजनिक उपाहारगृहें यांचा नांव घेऊन उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांपैकीं कशावरूनहि तेथें कोणाला मज्जाव करतां येणार नाहीं. घटनाकारांना मूलभूत हक्कांमध्यें हॉटेलाची आठवण ठेवावी लागली, यावरून आपल्या पंगती कशा होत्या याचा अंदाज यावा.

धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान हीं दोन्हीं मात्र माझ्या विरुद्ध आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतल्या ११७ व्या सूक्तांत ऋषीनें एकट्यानेंच खाणाऱ्याच्या वांट्याला केवळ पाप लावून दिलें आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायांतला दोष स्वतःपुरतें शिजविणाऱ्याला आहे. मी शिजवीतच नाहीं, तेव्हां तेथून मी कायद्याच्या कलमावर सुटतों. एपिक्यूरस हा सुखवादी, तो तरी आपल्या बाजूला असावा अशी माझी समजूत होती. पण सेनेकानें एका पत्रांत त्याचें मत दिलें आहे, कीं काय खायचें यापेक्षां कोणाबरोबर खायचें हें आधीं पाहावें, मित्रावांचून खाणें हें सिंहलांडग्यांचें खाणें. उरतां उरला ल्युकलस. हा रोमन सेनापति एके दिवशीं एकटाच जेवायला होता म्हणून त्याच्या कारभाऱ्यानें साधेंच जेवण केलें, तेव्हां आज ल्युकलसच्या घरीं खुद्द ल्युकलस पाहुणा आहे हें तुला ठाऊक नव्हतें काय, असें म्हणून त्यानें त्याची खरडपट्टी काढल्याचें प्लूटार्क सांगतो. ही गोष्ट मीं पुष्कळ वर्षें माझ्या बचावासाठीं वापरली. अलीकडे ती मला तितकीशी रुचत नाहीं. त्याच्या घरीं शिजविणारे आणि वाढणारे किती होते, आणि ते कोठें बसून जेवले, हें प्लूटार्क सांगत नाहीं.

हा प्रश्न मला सुचण्याचें कारण माझी आई.

आई जन्मभर एकटीच जेवली. आधीं वडील, मग आम्ही मुलें, आला-गेला असेल तर तो, आणि सगळ्यांचें आटोपल्यावर, स्वयंपाकघरांत, भिंतीला पाठ लावून ती. तिच्या एकटें जेवण्याला कोणी छंद म्हटलें नाहीं आणि कोणाला तिची दयाहि आली नाहीं. मी कॉलेजांत असतांना एकदां दुपारचे तास झाले नाहींत म्हणून अवेळीं घरीं आलों. आई भाताची खरवड ताकांत कुसकरून, बरोबर बुक्कीनें फोडलेला कांदा घेऊन जेवत होती. समोर किराणा बांधून आलेल्या वर्तमानपत्राचा तुकडा होता, आणि तो ती अगदीं रंगून वाचीत होती. तिच्या चेहऱ्यावर जो स्वस्थपणा त्या वेळीं होता, तो मीं पूर्वीं पाहिलेला नव्हता. मला पाहतांच तिनें कागद बाजूला सारला, ताट हातानें झांकल्यासारखें केलें आणि ती उठलीच. "आलास? थांब, तुला पान वाढते." मी ‘बस, बस’ म्हणालों असेन, पण मी बसलों, आणि तिनें वाढलें. तिचें जेवण मीं मोडलें हें मला तेव्हां कळलेंच नाहीं.

वडील २००३ सालीं गेले. पुढें निवृत्तिवेतनाच्या कामासाठीं आई महिन्यांतून एकदां बँकेंत जाऊं लागली. कोणाला बरोबर नेत नसे. २००६ सालच्या पावसाळ्यांत, एका बुधवारीं, मी माझ्या नेमाप्रमाणें माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळच्या एका हॉटेलाशीं आलों. छत्री मिटतां मिटतां कांचेंतून आंत पाहिलें, तों कोपऱ्यांतल्या पंख्याखालच्या टेबलावर आई बसली होती. समोर मसाला डोसा. दुसऱ्या खुर्चीवर तिनें आपली पिशवी ठेवली होती, म्हणजे तेथें कोणी येऊन बसूं नये. पदर खांद्यावरून सैल सोडला होता. ती घाई करीत नव्हती. कड मोडून, भाजीला लावून, एक घांस झाला कीं थोडा वेळ ती रस्त्यावरचा पाऊस पाही, मग पुन्हां दुसरा घांस. इतक्यांत वाढपी जवळून गेला आणि तिनें त्याला हांक मारली. बोटानें रिकामी वाटी दाखविली. ती चटणी मागत होती. जन्मांत तिनें कोणाजवळ कांहीं मागितलेलें मला आठवत नव्हतें.

मी पायरीवर उभा होतों. आंत जावें, समोर बसावें, ‘अग, तू इथं?’ म्हणावें, बिल आपण द्यावें, असें एका मनाला वाटलें. मुलाचें कर्तव्य तें. पण पिशवी उचलून ती खुर्ची मला देईल, आपल्या डोशाचा अर्धा भाग माझ्याकडे सारील, आणि ‘तूच खा, मला इतकं जात नाही’ म्हणेल, हें मला समोर दिसूं लागलें. मी छत्री पुन्हां उघडली आणि पलीकडच्या गल्लींत जाऊन केळीं खाल्लीं.

संध्याकाळीं मीं विचारलें, "दुपारी जेवलीस ना?"

"कुठलं! बँकेत उशीर झाला. भूकच नव्हती फारशी."

"बरं," मी म्हणालों.

ती २०१५ सालीं गेली. मधल्या वर्षांत त्या बुधवाराविषयीं आम्ही कधीं बोललों नाहीं. मी बरोबर वागलों कीं नाहीं याचा निकाल मला अजून लागलेला नाहीं. कधीं वाटतें, तिला हवें होतें तेंच मीं दिलें. कधीं, विशेषतः पावसांत, वाटतें, कीं एका विधवा बाईला मुलानें हॉटेलांत पाहिलें आणि तो तोंड फिरवून निघून गेला, एवढीच ती हकीगत आहे; बाकीची शोभा मीं मागाहून चढविली. आंत जाऊन वेगळ्या टेबलावर बसतां आलें असतें का? तेंहि नाहीं. आईच्या दृष्टीला पडून मुलाला वेगळें टेबल घेतां येत नाहीं.

सहाध्यापकांच्या त्या प्रसंगानंतर, घरीं कोणाच्या तरी तोंडून विपरीत कांहीं पोंचण्याआधीं आपणच सांगावें म्हणून, मीं पत्नीला माझ्या तीस वर्षांच्या बुधवारांची कबुली दिली. आणि बोलतां बोलतां आईचीहि गोष्ट सांगून टाकली. ती वाटाणे सोलीत होती. सगळें ऐकून घेतलें, दोन शेंगा आणखी सोलल्या आणि म्हणाली, "पंख्याखालचं टेबल म्हणजे दाराच्या डाव्या हाताचं ना? त्या वाऱ्यानं डोसा लगेच गार होतो. सासूबाईंना कुणी तरी सांगायला हवं होतं."

"तुला काय ठाऊक?" मीं विचारलें.

"मी आतल्या भिंतीकडे बसते," ती म्हणाली. "शुक्रवारी." आणि वाटाण्यांची वाटी घेऊन आंत गेली.

पुढें कांहीं विचारण्याचें माझ्या तोंडावर आलें होतें. मीं विचारलें नाहीं. शुक्रवारीं आमचे तास एक वाजतां संपतात आणि माटुंगा वाटेवरच आहे. पण त्या दिवशीं मी सरळ घरीं येतों.